इमाम मास्तरांचे वजाबाकीचे कागद

इमाम मास्तरांच्या उजव्या हाताची तीन बोटं बारमाही जांभळी असतात. जेवायच्या आधी ते ती चिंचेच्या कोळाने घासतात, राखेने घासतात, तरी नखांच्या कडेला रंग उरतोच. वाडीतली पोरं पाठीमागे त्यांना जांभळे मास्तर म्हणतात. आबासाहेब पाटील तर तोंडावरच विचारतात, "काय मास्तर, फाल्गुनात जांभळं कुठनं गावली तुमास्नी?"

मास्तर हसतात. दहा वर्षं या वाडीत काढल्यावर माणसाला हसायची सवय होते.

आमची वाडी बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून कोसभर आत, कालव्याच्या कडेला आहे. माझे यजमान कालव्यावर इन्स्पेक्टर, म्हणून आम्ही इथे. मास्तर मूळचे बावड्याचे. तिथे त्यांची म्हातारी माणसं, बायको मेहबूबबी आणि मुलगी फरिदा. बैलगाडीने एका दिवसाचा रस्ता. म्हाताऱ्यांना सोडून बायको इकडे येऊ शकत नाही, आणि शाळा सोडून मास्तर तिकडे जाऊ शकत नाहीत. ते शाळेमागच्या खोलीत एकटे राहतात, स्वतःच्या भाकरी स्वतः थापतात आणि दिवाळीला, उन्हाळ्याच्या सुट्टीला घरी जातात.

व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, पास झाल्याबरोबर बोर्डाने त्यांना इथे नेमलं, तेही तात्पुरतं. ट्रेनिंग झालेल्या मास्तरालाच मोठ्या शाळेत जागा मिळते. ट्रेनिंग झालं असतं तर इंदापूर किंवा खुद्द बावडा मिळालं असतं, आणि मास्तर रोज रात्री आपल्या घरी झोपले असते. पण ट्रेनिंगला पाठवायचं तर शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटीसाहेबांची शिफारस लागते, आणि शिफारस मिळते ती वार्षिक परीक्षेच्या निकालावर. मी सांगते आहे ती हकीकत सन छत्तीसची. त्या वर्षी मास्तरांचं वय ट्रेनिंगच्या अटीत शेवटचं बसत होतं. पुढच्या वर्षी बसणार नव्हतं. त्यांनी ते मला इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यांची जन्मतारीख मला माझ्या रतनच्या जन्मतारखेइतकी पाठ होती.

आदल्या वर्षीच्या परीक्षेनंतर दिपोटींनी शेरेबुकात एक ओळ लिहिली होती: "तिसरी इयत्ता, वजाबाकी कच्ची." मास्तर ते पान मला दाखवायचे. नंतर दाखवायचे बंद झाले, पण शाळेत गेलं की ते पुस्तक टेबलावर त्याच पानाला उघडं पडलेलं दिसायचं.

शाळा म्हणजे एक खोली. त्यात चार इयत्ता, चार भिंतींना चार तोंडं करून बसलेल्या. मास्तर पहिलीला बाराखडी म्हणून घेत असत तेव्हा चौथी पुस्तक वाचायची, दुसरी पाढे घोकायची, आणि तिसरीला नुसतं गप्प बसवणं जमत नसे. तिसरीला काहीतरी देऊन गुंतवायलाच हवं. यातूनच ते कागद निघाले.

कालव्याच्या कचेरीत पाण्याच्या पाळ्यांच्या नकला काढायला सरसाचा एक पत्रा होता. सरस आणि ग्लिसरीन वितळवून पसरट पत्र्यात ओततात, गार झालं की खरवसासारखं थलथलीत होतं. कागदावर जांभळ्या शाईने लिहायचं, तो कागद सरसावर पालथा घालून दाबायचा, की शाई सरसात उतरते. मग कोरे कागद एकामागून एक ठेवायचे आणि उचलायचे. वीसेक नकला चांगल्या निघतात, पुढच्या फिकट होत जातात. मास्तरांनी हे एकदा पाहिलं आणि तसलाच पत्रा स्वतः तयार केला. सरस बारामतीहून आणला. कागद मी दिले. पाणी मागणीचे जुने अर्ज कचेरीतून रद्दीत जात, त्यांची पाठ कोरी असे.

दर रविवारी मास्तर दहा वजाबाक्यांचा एक नवा कागद काढत. तिसरीत एकोणीस मुलं, पाच मुली धरून. कागदावर कोणी लिहायचं नाही, पाटीवर गणित उतरवून सोडवायचं आणि पाटी मास्तरांना दाखवायची. मास्तर पहिलीच्या घोळक्यातूनच पाटीवर नजर टाकायचे आणि म्हणायचे, "बरोबर. पुढचं." उन्हाळ्यात सरस पातळ व्हायचा, म्हणून पत्रा ओल्या गोणपाटात गुंडाळून रांजणाजवळ ठेवलेला असे. तिथे पाणी प्यायला गेलेल्या पोरांच्या सदऱ्यांनाही जांभळे डाग पडले. आया ओरडल्या. तरी मास्तर थांबले नाहीत.

पौषात दिपोटी दुसऱ्या एका गावाला जाताना वाटेत थांबले. त्यांनी कागद पाहिले, तिसरीच्या पाट्या पाहिल्या. दहातली दहा, दहातली दहा. ते म्हणाले, "मास्तर, ही कल्पना उत्तम. यंदा परीक्षा मी याच कागदांवरून घेईन."

त्या संध्याकाळी मास्तर आमच्या ओट्यावर आले ते बसलेच नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, "बाईसाहेब, फरिदाच्या अम्मीला पत्र टाकलं. म्हटलं, जूनपासनं पुण्याला ट्रेनिंगला. दोन वर्षं कळ काढ."

परीक्षेला नऊ दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट. रतनला गालगुंड आलं होतं म्हणून ती घरी होती. जूनमध्ये तिला पुण्याला माझ्या भावाकडे चौथीला पाठवायचं ठरलं होतं, आणि मला रात्रंदिवस एकच घोर होता की वाडीतली पोर म्हणून तिला तिथे मागे बसवतील. मी ज्वारी निवडत होते. सहज म्हटलं, "पाचशेतून दोनशे त्रेसष्ट वजा कर बघू."

तिने पाटीवर मांडलं आणि मी सुपातला पुढचा खडा उचलायच्या आत उत्तर लिहिलं. तीनशे सत्तावीस.

"चुकलं," मी म्हटलं.

"नाही चुकलं. सात आले ना?"

"सात आले. पण पुढचं?"

"सातचं तीनशे सत्तावीसच असतं, आई."

"सातचं म्हणजे?"

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मलाच गणित येत नाही. मग गळ्याला गुंडाळलेला फडका सावरत पाढ्याच्या चालीवर म्हणून दाखवलं, "शून्याचं चारशे साठ, एकाचं दोनशे एक्क्याऐंशी, दोनाचं तीनशे बहात्तर, तिनाचं एकशे त्रेपन्न…" नऊपर्यंत. एकदाही अडखळली नाही.

"हे कोणी शिकवलं तुला?"

"कोणी नाही. सगळ्यांना येतं. आधी म्हस्कूला कळलं, मग त्याने सारजाला सांगितलं."

"मास्तरांना ठाऊक आहे?"

"मास्तर तर शेवटचाच आकडा बघतात," रतन म्हणाली.

तिच्या दप्तरात सहा कागद होते. मी साठच्या साठ गणितं सोडवली. क्रम वेगळा, वरच्या-खालच्या रकमा वेगळ्या, पण प्रत्येक कागदावर तीच दहा उत्तरं, आणि दहांचे एकं, म्हणजे शेवटचे आकडे, दहा तऱ्हेचे. एकं काढले की उरलेलं उत्तर पाठ. ७०३ मधून ३७६ वजा करताना पोरं तेरातून सहा काढत, सात आले की तीनशे सत्तावीस लिहून मोकळी होत. घेतलेला हातचा पुढे फेडायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती.

मी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "तू यात पडू नकोस. दिपोटी त्याच कागदांवरून घेणार. गरिबाचं काम होतंय ते होऊ दे."

दोन दिवस मी गप्प राहिले. मास्तरांच्या भल्यासाठी तोंड उघडलं असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं नव्हतं. मला रतन दिसत होती, पुण्याच्या वर्गात फळ्यापुढे खडू घेऊन उभी, सातचं तीनशे सत्तावीस म्हणणारी.

रविवारी मी शाळेत गेले. मास्तर ओसरीवर बसून ओल्या फडक्याने सरस पुसत होते. मी सांगितलं ते त्यांनी हात न थांबवता ऐकलं आणि हसले.

"उत्तरं तीच हायेत, हे खरं बाईसाहेब. मी एकटा, चार इयत्ता. एकोणीस पाट्या, दहा दहा गणितं. सगळी सोडवत बसलो तर पहिलीची पोरं कालव्यात जातील. म्हणून आधी उत्तर धरतो, त्यात एक रक्कम मिळवतो, झालं गणित तयार. दहा उत्तरं मला पाठ. एकं बघितले की कळतं बरोबर का चूक. पण पोरांना कसं कळंल? दर वेळी क्रम बदलतो मी."

मी रतनची पाटी पुढे केली. त्यांनी ती पाहिली, पण पटलं नाही. "एकाद्या हुशार पोरीचं असंल."

तेवढ्यात सारजा डोक्यावर घागर घेऊन शाळेपुढून चालली होती. मास्तरांनी हाक मारली. "सारजे, सहाशेतनं एकशे चौपन्न गेले?"

सारजाने घागर उतरवलीसुद्धा नाही. "पाचशे सोळा, मास्तर."

"पाटी न्हाय, काय न्हाय, कसं गं केलंस?"

"सहाचं पाचशे सोळाच की." आणि ती गेलीही.

मास्तरांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. ते म्हणाले, "म्हंजे वर्षभर पोरांनी एकच आकडा वजा केला." मग जांभळ्या बोटांकडे बघून म्हणाले, "आणि मी एकच तपासला. माझ्या डोळ्यांवरनंच शिकली ती."

दुसऱ्या दिवसापासून तिसरीचे कागद बंद झाले. मास्तरांनी कडब्याची काडं तोडून दहादहाच्या जुड्या बांधल्या, दहा जुड्यांचा एक भारा. वजा करताना जुडी सोडायची, भारा सोडायचा. खोलीभर काड्या झाल्या. पहिली-दुसरीला त्यांनी चक्क चौथीच्या हवाली केलं. पोरांना ही नवी कटकट अजिबात आवडली नाही. उत्तर त्या दहांतलं आलं नाही की ती पाटी पुसून टाकायची. म्हस्कू तर उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचं गणित चुकलंय. ह्याला उत्तरच न्हाय!" सगळा वर्ग त्याच्या बाजूने. मास्तर म्हणाले, "हाय रे बाबा, उत्तर हाय. फक्त तुला पाठ न्हाय."

रतन गालगुंडातून उठली ती थेट काड्यांत जाऊन बसली. शाळा सुटल्यावर मी घरी तिच्याकडून आणखी गणितं करून घेत होते. इतर अठरांच्या आया शेतावर असत.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मास्तर ओट्यावर आले. या खेपेला बसले.

"काड्या घेऊन नऊ जणांना येतंय. काड्यांबिगर सहा. तुमची रतन धरून."

मी कंदिलाची वात वर केली.

"कागद दिले तर एकोणीसच्या एकोणीस पास. न्हाय दिले तर साहेब विचारतील, पौषात दाखवले ते कुठं दडवले? दिले तरी अडकलो, न्हाय दिले तरी अडकलो. बाईसाहेब, तुमी कॉलेजात शिकलात. काय करू?"

मी जे म्हणाले ते मला अजून आठवतं. मी म्हटलं, "तुम्हीच ठरवा मास्तर." इतकं शिकून मला एवढंच सुचलं.

दुसऱ्या दिवशी दिपोटी सायकलीवरून आले, मागून शिपाई. पोरांनी धुतलेल्या टोप्या घातल्या होत्या. मुलींचं शिवणकाम मांडायला मला बोलावलं होतं, म्हणून मी खोलीच्या कोपऱ्यात होते. तिसरीची पाळी आली. साहेबांनी हात पुढे केला, आणि मास्तरांनी कागद दिले.

पोरांचे चेहरे उजळले. पाच-सहा दिवसांच्या काड्यांतून सुटल्यासारखी ती तुटून पडली. दहाही गणितं व्हायला पाव घटकाही लागली नाही. साहेब पाट्या बघत पुढे जात होते, "शाबास, शाबास" म्हणत होते. शेवटच्या पाटीनंतर त्यांनी खुर्ची ओढली, शेरेबुक घेतलं आणि टाक शाईत बुडवला. मास्तर टेबलाशेजारी हात बांधून उभे होते. माझ्या हातात एक टाचणी होती, ती मी कुठे टोचत होते ते माझं मला कळत नव्हतं. मनातून मी म्हणत होते, होऊन जाऊ दे.

"साहेब," मास्तर म्हणाले.

"हं?"

"एक गणित तुमच्या मनचं घाला."

"कशाला? झालं की उत्तम."

"घाला साहेब. एकच."

साहेबांनी कपाळाला आठी घातली, पण उठले आणि फळ्यावर लिहिलं: चारशे दोन वजा एकशे पंच्याहत्तर. पोरं वाकली. साहेब पहिल्या पाटीपाशी गेले. तीनशे सत्तावीस. दुसरी पाटी, तीनशे सत्तावीस. तिसरी, चौथी. तेरा पाट्यांवर एकच चूक. साहेबांचा आवाज बदलला. "मास्तर, हे काय आहे? पोरांनी एकमेकांचं बघितलं, का तुम्ही आधी सांगून ठेवलंत?"

रतनच्या पाटीवर दोनशे सत्तावीस होतं, बरोबर. ते मला कोपऱ्यातूनही दिसलं आणि क्षणभर माझा जीव हलका झाला. त्या खोलीत त्या वेळी आनंद झालेली मी एकटीच असेन. त्याची लाज मला अजून वाटते.

मास्तरांनी सगळं सांगितलं. दहा उत्तरं, एकं, स्वतःची नजर. काही झाकलं नाही. पोरांना नीट कळलं नाही, पण आपलं काहीतरी पकडलं गेलंय एवढं कळलं. म्हस्कूने पाटी पाठीमागे लपवली.

साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "तुम्ही होऊन सांगितलंत, हे मी लक्षात ठेवीन." मग बसले आणि त्यांनी लिहिलं: "तिसरी इयत्ता, वजाबाकी कच्ची." आदल्या वर्षीचीच ओळ. शिफारशीचा रकाना रिकामा राहिला. लक्षात ठेवायला साहेब तरी राहायला हवेत. पावसाळ्याच्या तोंडाला त्यांची बदली झाली.

त्या वर्षी सुट्टी लागल्यावर मास्तर लगेच बावड्याला गेले नाहीत. आठ दिवसांनी मेहबूबबीच फरिदाला घेऊन गाडीने आली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. उंच, उन्हाने रापलेली, बोलताना नजर न काढणारी. आमच्या अंगणात उभी राहिली, पाणी घेतलं आणि म्हणाली, "बाई, एक इचारू? राग न्हाय ना येनार?"

"विचार ना."

"तुमी आठ दिस गप ऱ्हायला असता, तर तुमचं काय गेलं असतं?"

मी म्हटलं, "मुलांना येत नव्हतं, मेहबूबबी."

"ती पोरं कुठं मरत हुती वजाबाकीबिगर? आन् तुमची तर पुण्याला चालली. तितं मास्तर लई हायेत म्हनं." तिने भांडं पालथं करून ओट्यावर ठेवलं. "तुमची पोरगी शिकली. फरिदाचं अब्बा ऱ्हायलं हितंच." एवढं बोलून तिने पदर सारखा केला आणि फरिदाचं बोट धरून शाळेमागच्या खोलीकडे गेली. चार दिवस राहिली. त्या चार दिवसांत त्या खोलीतून फोडणीचा वास यायचा. मग ती म्हाताऱ्यांसाठी परत गेली.

याला आता दोन वर्षं होतील. रतन पुण्याला आहे. तिच्या पत्रांत गणिताची तक्रार नसते. मास्तर इथेच आहेत, तात्पुरते. नव्या दिपोटींनी त्यांचं वय विचारलं आणि पुढचं पान उलटलं.

सरसाचा पत्रा मात्र पुन्हा बाहेर निघाला. मास्तर दर रविवारी कागद काढतात, पण आता उत्तर आधी धरत नाहीत. वरची रक्कम एका पोराला विचारतात, खालची दुसऱ्याला, जी पडेल ती. मग त्या दहांची उत्तरं त्यांना स्वतःला ठाऊक नसतात, आणि चार इयत्ता तर तशाच आहेत. म्हणून पहिला कागद ओला असतानाच ते तो आमच्याकडे पाठवतात. मी सोडवून उत्तरांची चिठ्ठी देते, ती समोर ठेवून ते पाट्यांवरचे तिन्ही आकडे बघतात. पहिल्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "तुमाला जमंल तवर." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? गेल्या दिवाळीत यजमानांनी बदलीसाठी अर्ज केला, रतनजवळ राहता येईल म्हणून. उत्तर आलेलं नाही. ते आलं तर मास्तरांना कसं सांगायचं, हे मी मनाशी अनेकदा मांडून पाहिलं आणि पुसून टाकलं.

आजचा कागद पुढ्यात आहे. घरात सगळे झोपलेत. पाठीवर कोणा शेतकऱ्याचा पाणी मागणीचा अर्ज, पुढे जांभळ्या अक्षरात दहा गणितं. नऊ झाली. दहावं आठशेतून चारशे त्रेसष्ट. एकं सात येतात. मी दशकावर जाते, मग शतकावर, आणि तिन्ही आकडे लिहून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून तपासते.